एमआरआय झाला, मग आता उभ्याने एक्सरे कशासाठी?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. मृगाच्या तोंडावर घरावरचे कवेलू फेरताना त्याचे बाबा, वय 54, अंगणात पडले आणि बुडावर आपटले. जिल्ह्याच्या ठिकाणी एक्सरे, सीटी, एमआरआय सगळं झालं. एल-वनचं, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्याचं बर्स्ट फ्रॅक्चर निघालं, मणका दबून फुटला. कुबडाचा कोन 9 अंश. मज्जारज्जूवर दाब नाही, मागचे लिगामेंट (मणके एकमेकांना बांधून ठेवणारे चिवट तंतू) शाबूत दिसतात, पायांत ताकद पूर्ण, लघवी-संडास व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लागेलसं वाटत नाही, आणि पट्टा दिला. आता दुखणं बऱ्यापैकी उतरलंय, तर ते सांगतात की पट्टा घालून उभं करा आणि उभ्याने एक्सरे काढून आणा. घरात यावर तीन मतं आहेत. काकांचं म्हणणं, एवढा महागाचा एमआरआय झाल्यावर साध्या एक्सरेत नवीन काय दिसणार? पुण्याच्या भावाने इंटरनेटवर उभ्याने होणाऱ्या एमआरआयबद्दल वाचलंय, तो म्हणतो तसलं मशीन शोधू, खर्च मी करतो. आणि आईला धास्ती की उभं केल्यावर मणका सरकला तर?

मी हाडांचा डॉक्टर आहे. वर्धा-यवतमाळ भागात बरीच वर्षं काम करतोय, आणि हे तिन्ही प्रश्न ओपीडीत नेहमी ऐकतो. तिन्ही रास्त आहेत. आईची शंका तर सगळ्यात महत्त्वाची, तिच्याकडे नीट येतो.

आधी मूळ गोष्ट. तुम्ही विचारलंय की एक्सरे काढावा की नाही. डॉक्टरांना जाणून घ्यायचं आहे ते असं: बाबांचा फुटलेला मणका त्यांच्याच अंगाचा भार पेलतोय का? आतापर्यंतच्या एकाही तपासणीने याचं उत्तर दिलेलं नाही, कारण प्रत्येक वेळी बाबा आडवे होते. सीटीने हाड कुठे आणि किती तुटलं ते सांगितलं. एमआरआयने मज्जारज्जू, डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) आणि लिगामेंट कसे आहेत ते सांगितलं. भार पडल्यावर हे सगळं मिळून कसं वागतं, ते आडव्या माणसात दिसत नाही. आस तडकलेली बंडी रिकामी उभी असताना धडधाकटच दिसते, कापूस भरल्यावर कळतं.

आडवं आणि उभं यात किती फरक असतो याचं मोजमाप झालेलं आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या डिस्कमध्ये दाब मोजणारी बारीक नळी बसवली होती. पाठीवर झोपल्यावर दाब 0.1 मेगापास्कल, उभं राहिल्यावर 0.5, म्हणजे पाचपट. पाठ वाकवून 20 किलोचं वजन उचलताना तो 2.3 वर गेला. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, बाबा वावरात जायचं म्हणतील तेव्हा उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट जागेची. छातीचे मणके बरगड्यांनी बांधलेले, म्हणून ताठ. कमरेचे मणके मोकळे, हलणारे. ताठ भाग संपून मोकळा भाग जिथे सुरू होतो, तिथे बाराव्या छातीच्या आणि पहिल्या कमरेच्या मणक्यावर सगळा झटका येतो. कवेलूवरून पडलेला, चिंचेच्या झाडावरून पडलेला, विहिरीत पडलेला, ट्रॉलीत बसून स्पीडब्रेकरवर उसळलेला, यांचे एक्सरे पाहा, बहुतेकांचा हाच भाग दुखावलेला असतो. माणूस उभा राहिला की शरीराचा भार इथे मणक्याच्या जरा पुढून खाली जातो. मणक्याचा पुढचा भाग आधीच चेचलेला असेल तर तो भार त्याला आणखी पुढे वाकवतो. ते वाकणं थोपवायचं काम मागच्या लिगामेंटचं. आडव्या माणसात त्या लिगामेंटवर ताणच नसतो, उलट पाठीवर सपाट झोपवल्याने दबलेला मणका थोडा उघडतो आणि कोन कमी दिसतो. म्हणून झोपून काढलेला 9 अंश हा नेहमी सगळ्यात बरा आकडा समजायचा.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिगामेंट शाबूत लिहिलंय ही चांगली बातमी आहे, तिला कमी लेखू नका. पण एमआरआयमध्ये लिगामेंटची सूज दिसते, रेषा तुटलेली दिसते, त्याची ताकद दिसत नाही. काही वेळा सूज भरपूर असते आणि मणका ठाम उभा राहतो. काही वेळा रिपोर्ट साधा असतो आणि उभं केल्यावर मणका पुढे झुकतो. अशा उभ्याच्या एक्सरेवर 2004 मध्ये इंग्लंडमधून एक अभ्यास आला होता. मज्जातंतूंना इजा नसलेले आणि झोपून काढलेल्या फोटोंवरून ऑपरेशनची गरज नाही असं ठरलेले 28 रुग्ण. त्यांना उभं करून एक्सरे काढल्यावर 7 जणांचा निर्णय बदलला, त्यांचं ऑपरेशन करावं लागलं. संख्या लहान आहे, त्यावरून तुमच्या बाबांचं भाकीत करता येत नाही. पण काकांना सांगायला एवढं पुरे की साधा एक्सरे उपचार बदलू शकतो.

माझ्या पाहण्यातलं एक उदाहरण देतो. कापूस वेचून ट्रॉलीत बसून घरी निघालेली एक बाई, चाळिशीतली. ट्रॉली गड्ड्यात आपटली आणि ती फळीवर जोरात बसली. झोपून काढलेल्या एक्सरेत एल-वनचा कोन 8 अंश. एमआरआयमध्ये मागे थोडी सूज, रिपोर्टमध्ये "इजा असू शकते" एवढंच. पायांना मुंग्यासुद्धा नाहीत. पट्टा घालून तिला उभं केलं, एक्सरे काढला आणि व्ह्यू बॉक्सवर दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. मोजायची पद्धत सोपी असते. फुटलेल्या मणक्याच्या वरचा जो मणका, त्याच्या वरच्या कडेला पेन्सिलने रेघ. खालचा जो मणका, त्याच्या खालच्या कडेला रेघ. दोन्ही रेघांमधला कोन. याला कॉब कोन म्हणतात. झोपून 8 होता, उभ्याने 26 भरला. शिवाय मागे मणक्यांची जी टोकं हाताला लागतात, त्यातल्या दोन टोकांमधलं अंतर वर-खालच्या जोड्यांपेक्षा सरळसरळ फाकलेलं होतं. झोपलेल्या फिल्ममध्ये ते अंतर सारखं दिसत होतं. म्हणजे मागचं लिगामेंट तुटलेलं, फक्त आडवं असताना ते झाकलं गेलं होतं. तिला स्क्रू आणि रॉड घालून मणका स्थिर केला. तो एक एक्सरे झाला नसता तर तीच बाई काही महिन्यांनी कुबड घेऊन आणि न थांबणारी पाठदुखी घेऊन आली असती. तेव्हाचं ऑपरेशन मोठं असतं, त्याचा निकालही एवढा चांगला लागत नाही.

उलट अनुभव जास्त येतो, तोही सांगायला हवा. बहुसंख्य लोकांमध्ये उभ्याने कोन थोडाच वाढतो. 9 चा 12 झाला, 12 चा 15 झाला, माणूस विनातक्रार उभा आहे. अशा वेळी आम्ही निर्धास्तपणे सांगतो की चाला, घरात फिरा, बाजेवर पडून राहू नका. हा एक्सरे ऑपरेशन शोधण्यासाठी असतो असं घरच्यांना वाटतं. माझ्या कामात त्याचा मोठा उपयोग माणसाला बाजेवरून उठवण्याची परवानगी म्हणून होतो. पाठ मोडलीय म्हणून सहा-आठ आठवडे हलू न दिलेली माणसं मी पाहतो. त्यांना जखमा होतात, पायांतले स्नायू वाळतात, छातीत कफ साठतो, आणि मणका मात्र पहिल्या आठवड्यातही ठीकच होता.

आता आईच्या शंकेकडे. उभं करणं कोणासाठी धोक्याचं असतं? ज्याच्या पायांत कमजोरी किंवा बधिरपणा आहे, ज्याचा मणका सीटीत पुढे-मागे किंवा बाजूला सरकलेला दिसतोय, ज्याच्या मागचे लिगामेंट स्पष्ट तुटलेले आहेत, त्यांना उभ्याच्या एक्सरेसाठी उठवत नाहीत. त्यांचा निर्णय झोपलेल्या फोटोंवरच होतो. ज्यांचा कणा आधीच्या आजाराने बांबूसारखा एकसंध जुळलेला आहे, ज्याला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस म्हणतात, त्यांच्यात साधी वाटणारी रेघसुद्धा आरपार तुटलेली असू शकते, तिथेही नाही. आणि उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच तपासल्याशिवाय त्याला उभं करायचं नाही. टाचेचं हाड मोडलेल्या दहातल्या साधारण एकाचा मणकाही मोडलेला असतो, आणि एकाकडे लक्ष गेलं की दुसरं सुटतं. तुमचे बाबा बुडावर पडले, तरी टाचा दाबून पाहिल्यात का ते एकदा विचारा.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून यातलं काहीच बाबांना लागू होत नाही. सीटी झाला, एमआरआय झाला, तपासणी झाली, आणि हे सगळं पाहिलेला डॉक्टर उभं करा म्हणतोय. हा क्रम बरोबर आहे. पडल्यापडल्या अंगणातच काखेत हात घालून उठवणं आणि मोटारसायकलवर मधे बसवून नेणं यात जो धोका असतो, तो आता नाही. खरं तर बाबा आज ना उद्या उभे राहणारच आहेत, पेरण्या सुरू असताना त्यांना किती दिवस धरून ठेवाल? मग ते पहिल्यांदा उभे राहतील तेव्हा मणका कसा वागतो, हे एक्सरे रूममध्ये कळलेलं बरं.

उभं करायचं कसं हे महत्त्वाचं आहे, कारण इथेच घाई होते. पट्टा बाजेवर पडल्यापडल्या, कुशीवर वळवून घालायचा. उठून बसल्यावर घातला तर त्याचा हेतूच जातो. मग कुशीवरून, पाय खाली सोडत, हातावर जोर देऊन बसायचं. दोन आठवडे आडवा असलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून काही मिनिटं काठावर बसू द्या, पाणी द्या, बोलत राहा. चक्कर नसेल तर उभं करा, दोन पावलं टाकू द्या. हे सगळं आदल्या दिवशी घरी किंवा वॉर्डात डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा झालेलं असावं. एक्सरे रूममध्ये पहिल्यांदाच उभा राहणारा माणूस भीतीने अंग चोरतो, गुडघे वाकवतो, आणि फोटो त्या चोरलेल्या अंगाचा निघतो. उभं राहताना पाठीत असह्य कळ आली, पायांत झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबायचं, झोपवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. ती कळसुद्धा माहितीच असते.

फिल्मबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ग्रामीण रुग्णालयात पाठीचा एक्सरे टेबलावर झोपवून काढायची सवय असते, त्यामुळे चिठ्ठीवर फक्त "डीएल स्पाइन एपी लॅटरल" (छाती-कमरेच्या कण्याचा समोरून आणि बाजूने फोटो) लिहिलं असेल तर तंत्रज्ञ बाबांना सरळ टेबलावर घेतील आणि तुमचा दिवस आणि पैसे वाया जातील. चिठ्ठीवर "उभ्याने" किंवा "इरेक्ट" लिहून घ्या आणि आत जाताना तोंडीही सांगा. छातीचा एक्सरे काढायला भिंतीशी जो स्टँड असतो, त्याच्यावर हा एक्सरे निघतो, वेगळं मशीन लागत नाही. बाजूने काढायचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. त्यात फुटलेला मणका मधोमध हवा, आणि वरचे दोन, खालचे दोन मणके पूर्ण दिसायला हवेत, नाहीतर कोन मोजताच येत नाही. हात डोक्यावर नेऊ देऊ नका. हात वर गेले की पाठ मागे झुकते आणि कुबड लपतं. मुठी गळ्याच्या हाडांवर टेकवून उभं राहायचं, किंवा समोरच्या आधाराला हलकंसं धरायचं, भार न टाकता. गुडघे सरळ, नजर समोर. जाड अंगाच्या माणसाचा बाजूचा फोटो जुन्या, कमी ताकदीच्या मशीनवर पांढराफटक येतो. तसा आला तर तो घेऊन जाऊ नका, दुसरीकडे काढा. फिल्मवर तारीख आणि "उभ्याने, पट्ट्यासह" हे लिहिलेलं असू द्या. पुढे सहा आठवड्यांनी तुलना करताना तेच लागतं.

बाबांना उभं राहता आलंच नाही तर बसूनही फोटो निघतो, भार त्यातही पडतो. पण बसल्यावर कमरेचा बाक सपाट होतो, म्हणून बसलेला फोटो उभ्याच्या फोटोशी ताडून पाहायचा नाही. फिल्मवर तसं स्पष्ट लिहा.

कोन मोजण्यात 3 ते 5 अंशांची चूक चांगल्या हातांनीही होते. 9 चा 12 झाला म्हणून घरात रडारड करू नका. 9 चा 22 झाला तर तो फरक खरा. मधल्या आकड्यांना डॉक्टर दुखणं, मणक्याची उंची किती घटली, मागची टोकं फाकली का, हाड किती भरीव आहे, बाबांचं काम काय, हे सगळं जोडून पाहतात. जुन्या पुस्तकांत 30 अंश कोन किंवा निम्मी उंची गेली की ऑपरेशन असे ठोकताळे आहेत. 2005 पासून एक गुणांची पद्धतही वापरतात. तीत फ्रॅक्चरचा प्रकार, मज्जातंतूंची स्थिती आणि मागचे लिगामेंट यांना गुण देतात. बेरीज 3 किंवा कमी असेल तर ऑपरेशन नाही, 5 किंवा जास्त असेल तर ऑपरेशन, आणि 4 असेल तर डॉक्टरांनी विचार करायचा. बाबांच्या रिपोर्टवरून बेरीज 2 होते. उभ्याच्या एक्सरेत मागचं लिगामेंट गेलेलं कळलं तर तीच बेरीज 5 वर जाते. एका फोटोने निर्णय कसा फिरतो ते यातून दिसेल.

पुण्याच्या भावाला माझा निरोप: त्याची तळमळ खरी आहे, पण तो पैसा दुसरीकडे वापरा. उभ्याने किंवा बसून होणारा एमआरआय अस्तित्वात आहे. एमआरआयच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी रेमंड डमाडियन यांच्या फोनार कंपनीने तो आणला. पण त्याच्या चुंबकाची ताकद 0.6 टेस्ला, आपल्या नेहमीच्या मशीनची 1.5 किंवा 3. चित्र काढायला कित्येक मिनिटं लागतात, आणि मणका मोडलेला माणूस तेवढा वेळ न हलता उभा राहू शकत नाही. तो हलला की चित्र पुसट. एक्सरेला सेकंदाचा काही भाग पुरतो. बाबांच्या बाबतीत मऊ भागांची माहिती झोपून काढलेल्या एमआरआयने आधीच दिली आहे. राहिलेला प्रश्न हाडांच्या रांगेचा आहे, आणि हाडांची रांग एक्सरेत चोख दिसते. चालल्यावर पायांत गोळे येतात, बसल्यावर थांबतात, आणि झोपून काढलेला एमआरआय साफ, अशा माणसाला उभ्याच्या एमआरआयचा विचार करता येतो. ईओएस नावाचंही एक उभ्याचं मशीन आहे. 1992 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जॉर्ज शार्पाक यांच्या शोधावर ते बेतलंय, आणि कमी किरणांत डोक्यापासून पायापर्यंत चित्र देतं. वाकड्या कण्याच्या मुलांसाठी ते फार चांगलं आहे. एका फुटलेल्या मणक्यासाठी त्याच्यामागे धावायची गरज नाही.

किरणांची भीती काहीजण घेतात. कमरेच्या एक्सरेचे किरण हे वर्षभरात निसर्गातून आपल्याला मिळतात त्याच्या निम्म्याच्या आसपास असतात, सीटीचे त्याच्या काही पट. 54 वर्षांच्या माणसाला यातून मिळणाऱ्या माहितीपुढे ही काळजी किरकोळ आहे. फक्त बाबांना धरायला आत थांबणाऱ्याने शिशाचा एप्रन मागून घ्यावा, आणि ती व्यक्ती गरोदर नसावी.

हीच तपासणी आमच्या भागात आणखी एका जागी फार कामाची ठरते, तुमच्या प्रश्नाबाहेरचं असलं तरी लिहितो. म्हातारी आजी, नुसती घसरून बसली किंवा पाण्याची गुंडी उचलताना पाठीत कट्‌कन झालं. झोपून काढलेल्या एक्सरेत मणका थोडा दबलेला. दोन महिने झाले तरी ती म्हणते, पडून असले की बरं, उठलं की जीव जातो. तिचा झोपून आणि उभ्याने असा जोडीने एक्सरे काढा. कधी कधी मणका उभ्याने चपटा होतो आणि झोपल्यावर पुन्हा उघडतो, आत हवेची काळी फट दिसते. म्हणजे हाड जुळलेलंच नाही. "वयाचं दुखणं" म्हणून तिला गोळ्यांवर ठेवलेलं असतं, आणि उपाय असतो. पण आजीला पडून असतानाही, विशेषतः रात्री दुखत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर आधी टीबीचा विचार करा. टीबीने पोखरलेला मणका किरकोळ धक्क्याने बसतो आणि सगळे त्याला पडल्याचं फ्रॅक्चर समजतात. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या तरुण मुलांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजारानेही मणके मधोमध खोलगट होतात. ते फ्रॅक्चर नसतं, पडल्यानंतर पहिल्यांदा एक्सरे काढला म्हणून तेव्हा दिसतं एवढंच. अशा मुलाचं रक्त तपासलं आहे का ते विचारायलाच हवं.

बाबांचा एक्सरे चांगला आला तर पुढे काय? पट्टा किती आठवडे ठेवायचा यात डॉक्टरांमध्ये फरक पडतो. 2014 साली कॅनडातून आलेल्या एका अभ्यासात, साठीच्या आतल्या आणि मज्जातंतूंना इजा नसलेल्या अशाच फ्रॅक्चरमध्ये पट्टा घातलेले आणि न घातलेले रुग्ण तीन महिन्यांनी सारखेच बरे होते. तरीही मी शेतकऱ्यांना पट्टा देतो. पट्टा अंगावर असला की त्यांना वाकू नये याची आठवण राहते, आणि गावातला कोणी पोतं उचलायला हाक मारत नाही. पट्ट्याने मणका जुळत नाही, तो आपोआप जुळतो, त्याला वेळ द्यावा लागतो. साधारण पुढचा उभ्याचा एक्सरे एक-दोन आठवड्यांनी, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. पहिल्या उभ्याच्या फोटोनंतरही पुढचे काही आठवडे कोन हळूहळू वाढू शकतो, म्हणून एक चांगला आला की पुढचे टाळायचे नाहीत. पोळ्यापर्यंत डवरणी, फवारणीचा पंप पाठीवर घेणं, पोती उचलणं बंद. ते 2.3 चं गणित बाबांना इथे सांगा. चालणं मात्र रोज, दिवसातून थोडं थोडं, वाढवत.

कोन बराच वाढला आणि ऑपरेशन सुचवलं गेलं तर घाबरून मुंबईला धावू नका. मागून स्क्रू टाकून मणका स्थिर करण्याची सोय विदर्भातल्या मेडिकल कॉलेजांत आहे. नागपूरला आणि सेवाग्रामला ती मिळू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

जाताना बाबांना एसटीच्या मागच्या सीटवर किंवा मोटारसायकलवर नेऊ नका. चारचाकीत पुढची सीट मागे पाडून, पट्टा घालून, ड्रायव्हरला गड्डे आणि ब्रेकर सावकाश घ्यायला सांगून न्या. जवळच्या रुग्णालयात उभ्याचा एक्सरे निघत असेल तर तिथेच काढा आणि डॉक्टरांना दाखवायला फिल्मच पाठवा किंवा सीडी न्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर फिल्म उजेडावर सपाट लावून मोबाइल अगदी समोर धरा. तिरका धरला की कोनही तिरका येतो. पडल्या दिवशीचा पहिला एक्सरे, सीटी आणि एमआरआयच्या सीडी, सगळ्या एका पिशवीत बरोबर न्या. जुनी फिल्म शेजारी नसेल तर नव्या फिल्मचा अर्धा अर्थ जातो.

आणि तारखेची वाट न पाहता निघायचं ते अशा वेळी: पाय लटका पडू लागला, चालताना पाऊल ओढलं जाऊ लागलं, बसायची जागा किंवा जांघेचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली. यातलं एकही दिसलं तर बाबांना उठवू नका, उभ्याच्या एक्सरेचा विषय सोडा, सपाट झोपवून 108 बोलवा आणि त्याच रात्री निघा.